कणीक, ओळंबा आणि सोळा इंच : खाली बसवलेल्या पोलोच्या चाकांच्या नोंदी

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

जानेवारीत घेतलेली सेकंडहँड पोलो (२०१४, डिझेल) आज पहिल्यांदा जॅकवर चढवून खालून पाहिली. आधीच्या मालकानं चारही स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली आहे. तो म्हणाला ४० मिमी, मी मानून घेतलं. चाकं मात्र कंपनीचीच, १५ इंची. थोरल्या भावाचा सदरा धाकट्यानं घालावा तशी ती कमानीत दिसतात. खाली बसलेल्या गाडीला चाक आत शिरलेलं दिसतं, हे आधी लक्षातच आलं नव्हतं.

चाकामागे कोरलेलं वाचलं : ६ जे × १५ एच २, ईटी ३८. म्हणजे रिम ६ इंच रुंद, १५ इंच व्यासाची. एच २ म्हणजे टायरची कड निसटू नये म्हणून रिमच्या आत ठेवलेले दोन उंचवटे. ईटी म्हणजे ऑफसेट, त्याच्यावर पुढे पानंच्या पानं लिहावी लागणार आहेत. पीसीडी ५ × १००, म्हणजे पाच बोल्ट १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर. मधलं भोक ५७.१ मिमी. टायर १८५/६० आर १५, म्हणजे १८५ मिमी रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, आणि आत १५ इंची रिम.

हबच्या (चाक ज्याच्यावर बसतं त्या गोल भागाच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पुढे ३३५ मिमी, मागे ३४०. ही मापं टायर बदलला तरी बदलत नाहीत, म्हणून हीच धरायची. टायरची त्रिज्या साधारण ३०१, म्हणजे वर पुढे ३४ आणि मागे ३९ मिमी जागा.

पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड पार गुळगुळीत आहे, बाहेरची नवी वाटावी अशी. हे कशामुळे, ते नंतर पाहू.

२५ फेब्रुवारी

चूक नंबर एक. अमरावती रोडवरच्या एकाकडे जुन्या १७ इंची चाकांचा सेट पाहिला. ८ जे, ईटी ३०, सोबत २१५/४० आर १७. फोटोत अशाच पोलोवर ती चाकं होती आणि गाडी काय दिसत होती! विचारलं, घासत नाही ना? "बसते ना भाऊ, सगळ्याईले बसते." मी २,००० रुपये टोकन देऊन बसलो आणि मग ट्रायल मागितली. क्रम उलटा होता, पण होता तसा लिहितो.

ट्रायलला टायर मडगार्डच्या बाहेर आला. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर आतलं प्लॅस्टिकचं लायनर खरवडलं जायला लागलं. मागे भाऊ आणि त्याचा मित्र बसले, गल्लीतला पहिलाच स्पीड ब्रेकर आला, आणि मडगार्डच्या कडेनं टायरच्या खांद्यावर बोटभर लांब काप दिला. विक्रेता म्हणाला, कड मारून आत वळवून घ्या. म्हणजे चाकासाठी गाडी कापायची. टोकन बुडालं.

घरी येऊन कागद काढला. हे गणित आधी करायला हवं होतं. टायरचा फुगवटा धरला तर ती चाकं माझ्या आताच्या चाकांपेक्षा बाहेरच्या बाजूला जवळजवळ २३ मिमी जास्त येत होती. आणि माझ्याकडे बाहेर जागा किती आहे, हे मी मोजलंच नव्हतं.

३ मार्च

मोजमापाचा दिवस. शेजारच्या गल्लीत घराचं काम सुरू आहे, तिथल्या मिस्त्रींकडून ओळंबा मागून आणला. "गाडीले ओळंबा?" म्हणून त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा गाडीकडे पाहिलं, पण दिला. गाडी सपाट जागी, स्टेअरिंग सरळ, चारही टायरांत सारखी हवा. ओळंब्याची दोरी मडगार्डच्या कडेवर, हबच्या बरोबर वर धरायची. दोरीपासून टायरच्या सगळ्यांत फुगीर भागापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे बाहेरची शिल्लक जागा.

पुढे १६ मिमी, मागे २१ मिमी. डावी-उजवी बाजू एक मिमीनं वेगळी भरली. कमी भरलं ते लिहिलं.

आतली बाजू अवघड. टायर आणि शॉकअपच्या नळीमधली फट बोटानं कळते, पण मापता येत नाही, कारण चाक बसवल्यावर व्हर्नियर आत जात नाही. उपाय स्वयंपाकघरात होता. आईनं पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेतून एक गोळा उचलला.

"काय रे, कणीक काहून नेऊन राहिला?"

"शॉकअपला लावतो."

"पोळ्या होऊ दे ना आधी. गाडीले पोटभर चारजो मग."

गोळा नळीवर दाबून चिकटवला, टायरच्या आतल्या भिंतीला कोरडं पीठ चोळलं म्हणजे कणीक टायरला धरत नाही. चाक बसवलं, बोल्ट आवळले, पुन्हा काढलं. दाबलेल्या गोळ्याची जाडी व्हर्नियरनं मोजली : १७ मिमी. तीनदा केलं, १७, १७, १६. मी १६ धरतो. कणीक घट्ट हवी. सैल असेल तर चाक काढताना ओढली जाते आणि माप खोटं येतं. (आईच्या मते माझी कणीक नेहमी सैलच असते.)

१० मार्च

आता ऑफसेट. मला समजायला दोन संध्याकाळी गेल्या, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

चाकाची रुंदी बरोबर मधोमध कापणारी एक रेघ कल्पा. चाक हबला जिथे टेकतं तो पृष्ठभाग या रेघेपासून किती मिमी बाहेर आहे, तो आकडा म्हणजे ईटी. शब्द जर्मन, आइनप्रेसटीफे. ईटी मोठा तितकं चाक आत शिरतं, लहान तितकं बाहेर येतं. रुंदी वाढवली तर वाढ दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी वाटली जाते, आणि ईटी ही वाटणी इकडे-तिकडे सरकवतो. एवढंच आहे. पण दोन्ही एकदम बदलले की डोक्यात गोंधळ होतो.

माझं आताचं : ६ जे म्हणजे १५२.४ मिमी, अर्धे ७६.२. ईटी ३८. म्हणजे हबच्या टेकणीपासून रिम आत ७६.२ + ३८ = ११४.२ आणि बाहेर ७६.२ − ३८ = ३८.२.

ती १७ इंची : ८ जे म्हणजे अर्धे १०१.६, ईटी ३०. आत १३१.६, बाहेर ७१.६. रिम बाहेर ३३ मिमी जास्त, आत १७ मिमी जास्त.

मग ३३ कुठे आणि मी वर लिहिलेले २३ कुठे? इथे मी अडकलो होतो. रिमची रुंदी आणि टायरची रुंदी सारखी वाढत नाहीत. घासतो तो टायर. माझ्या ६ जे रिमवर १८५ चा टायर प्रत्यक्षात १९४ मिमी भरतो, कॅलिपर लावून पाहिलं. २१५ चा टायर ८ जे वर साधारण २२३. अर्धा फरक १४.५, त्यात ऑफसेटचा फरक ८, झाले २२.५. पुढे जागा १६. म्हणजे ७ मिमी बाहेर. अमरावती रोडला डोळ्यांनी दिसलं ते हेच.

टायरवर छापलेला १९५ किंवा २०५ हा आकडा ठरावीक रुंदीच्या रिमवरचा, तोही नावापुरता. १९५/५० हा ६ जे वर २०१ मिमी असतो. रिम अर्धा इंच रुंद केली की टायर साधारण ५ मिमी फुगतो.

मग मला काय चालेल? आत १६ पैकी निदान ८ तरी राखायचे. टायर वळणावर वाकतो, बुशिंग झिजतात, आणि नागपुरात खड्डा चुकवता येत नाही. बाहेर पुढे १६ पैकी निदान ६ ठेवायचे. मागे २१ दिसतात म्हणून हुरळायचं नाही. पुढचं चाक वर जाताना थोडं आत झुकतं, मागची दोन चाकं जोडणारा आडवा टॉर्शन बीम तसा नाही. दोन्ही चाकं एकदम दबली की ती जवळपास सरळ वर जातात, कडेच्या दिशेनं. मागे माणसं बसवणार असाल तर मागचं माप आधी.

६.५ जे, ईटी ३८, त्यावर १९५/५० आर १६ : टायर साधारण २०६ मिमी, दोन्हीकडे ६ मिमी वाढ. आत १० उरतात, पुढे बाहेर १०, मागे १५. बसतं.

व्यासही पाहिला. १८५/६० आर १५ चा ६०३ मिमी. १९५/५० आर १६ चा ६०१.४. दीड मिमीचा फरक, स्पीडोमीटरला कळणारही नाही. बाजारात १९५/५५ आर १६ सहज मिळतो, आणि सगळे तोच घे म्हणतात. त्याचा व्यास ६२१, म्हणजे त्रिज्या ९ मिमी जास्त. खाली बसवलेल्या गाडीत वरच्या ३४ मधले ९ आधीच गेले. उंच गाडीला चालेल, मला नाही.

२०५/४५ आर १६ चा विचार केला, ७ जे वर. दोन गोष्टी आडव्या आल्या. त्याचा लोड इंडेक्स ८३, म्हणजे एका टायरला ४८७ किलो. कंपनीच्या टायरवर ८४ आहे, ५०० किलो. खाली जायचं नाही. दुसरं, ७ जे रिम कडांसकट साधारण २०३ मिमी भरते आणि तो टायर २०६. म्हणजे टायरची भिंत रिमशी जवळपास सपाट. आपले सिमेंटचे रस्ते जमिनीपासून वीतभर उंच, कड धारदार. पार्किंगला गाडी लावताना टायरआधी अलॉय घासणार. ६.५ जे वर टायर दोन्हीकडे आठेक मिमी पुढे असतो. एवढं कवच पुरे.

२५ मार्च, धुळवड

काहीही झालं नाही. गाडीवर कुणीतरी गुलाबी रंग टाकला, तो अजून मागच्या दिव्यावर आहे.

९ एप्रिल, पाडवा

ऑर्डर दिली. ६.५ × १६, ईटी ३८, ५ × १००. दुकानदार दहा भोकांचं, म्हणजे १०० आणि ११४.३ दोन्ही बसणारं चाक द्यायला तयार होता, लगेच. पाच भोकांच्यासाठी दहा दिवस थांबायचं ठरवलं. दहा भोकांचं वाईटच असतं असं नाही, पण रिकामी भोकं मला रोज दिसली असती.

चाकाच्या आतल्या बाजूला काय कोरलंय ते फोटोवर मागवून घेतलं : जेडब्ल्यूएल, आणि कमाल भार ५६० किलो. जेडब्ल्यूएल हे अलॉय चाकांसाठीचं जपानी मानक. भाराचा आकडा कोरलेलाच नसेल तर चाक कितीही देखणं असो, परत.

एक अडचण. मधलं भोक ७३.१. माझा हब ५७.१.

१९ एप्रिल, शुक्रवार

मतदानाची सुट्टी. बोटाला शाई, लेथ बंद.

२० एप्रिल

हिंगणा एमआयडीसी. ७३.१ च्या भोकात ५७.१ चा हब म्हणजे चारी बाजूंनी ८ मिमी पोकळी. बोल्टांचे शंकू चाक मधोमध आणतात खरं, पण आधी एका बाजूचे बोल्ट कचकून आवळले की चाक केसभर सरकलेलं राहू शकतं आणि मग ८०-९० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. पोलोला नट नाहीत, बोल्ट आहेत. चाक धरून ठेवायला खुंट्या नसल्यानं बसवताना ते हबवर टांगलं जायला हवं. म्हणून हब रिंग, म्हणजे ही पोकळी भरणारी कडी.

प्लॅस्टिकच्या तयार मिळतात. ब्रेक तापतात, मे महिन्यात सगळंच तापतं, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या बनवून घ्यायच्या ठरवल्या. लेथवाले काका माझ्या वडिलांच्या वयाचे. मी ऐटीत सांगितलं, बाहेरून त्र्याहत्तर पॉइंट एक, आतून सत्तावन्न पॉइंट एक.

"चाक आनलं का?"

"नाही, माप आणलंय ना काका."

"तोंडी माप मी धरत नाही. चाक आन. आन् हबपाशी गाडी आन."

दुपारी चारही चाकं घेऊन पुन्हा गेलो. त्यांनी भोक मोजलं : चारपैकी तीन ७३.१, एक ७३.०५. हबवरचा गंज सँडपेपरनं काढला आणि मगच मोजला. रिंगा अशा कातल्या की बाहेरून हातानं दाबून बसतात आणि हबवर फिरवत फिरवत सरकतात. हातोडी लागली तर घट्ट, आपोआप पडली तर सैल. आतल्या कडेला थोडी तिरकी धार दिली, कारण हबच्या मुळाशी गोलाई असते आणि रिंग तिच्यावर चढली तर चाक टेकणीवर सपाट बसणारच नाही. हे मला सुचलं नसतं.

चार रिंगांचे १,६०० रुपये. "पावसाळ्याआधी जराशी ग्रीस लाव, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम आन् लोखंड एकमेकाले धरून बसते." लिहून घेतलं.

२७ एप्रिल

टायर चढवले. दोन ठिकाणी विचारूनही १९५/५० मिळाला नाही, मागवावा लागला. भिंतीवरचा चार अंकी आकडा पाहिला, ०४२४. २०२४ च्या चौथ्या आठवड्यातला माल. आयएसआयचा शिक्का आहे. लोड ८४.

टायरच्या दुकानातला पोरगा तोंडात खर्रा धरून कामाला हुशार होता, पण त्यानं चाक टांगून माझे जुने बोल्ट उचलले तेव्हा मी ओरडलो. हा मुद्दा मोठा आहे. फोक्सवॅगनच्या मूळ चाकांच्या बोल्टची टेकणी गोल असते, चेंडूसारखी. बाजारातल्या बहुतेक अलॉयांची टेकणी ६० अंशांच्या शंकूची. गोल बोल्ट शंकूच्या भोकात घातला तर तो पूर्ण टेकतच नाही, एका बारीक कड्यावर टेकतो. पान्याला घट्ट लागतं, आपल्याला वाटतं झालं. काही किलोमीटरनंतर तो सैल होतो. दोन्ही बोल्टांचा आटा एकच, एम १४ × १.५, म्हणून कुणाला काही वेगळं जाणवत नाही.

शंकूचे २० बोल्ट वेगळे घेतले होते. लांबीही पाहिली : हातानं ९ फेरे आत जातात. कमी जात असतील तर बोल्ट आखूड. आणि मागे ड्रम ब्रेक आहे, तिथं फार लांब बोल्ट आतल्या भागांना लागू शकतो, म्हणून चाक लावून ब्रेक न दाबता हातानं फिरवून पाहिलं. मोकळं फिरलं.

एअर गननं घट्ट करू दिलं नाही. चांदणीच्या क्रमानं, टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना), १२० न्यूटन मीटर. पोरगा म्हणाला, "भाऊ, एवढं तर आम्ही विमानाले पण नाही करत."

वजनकाट्यावर टायरसकट चाक १७.३ किलो, जुनं १६.१. तो १७ इंची सेट घेतला असता तर हा आकडा कुठे गेला असता, याचा विचार आता करत नाही.

२८ एप्रिल

अदासा. गणपतीचं दर्शन आणि लोड टेस्ट एकाच फेरीत. आई, भाऊ, मामा, मामी आणि मी. निघण्याआधी चारही लायनर आणि मडगार्डच्या आतल्या कडांना खडू फासला. जिथे टायर लागेल तिथला खडू पुसला जाणार. मागच्या शॉकअपच्या दांड्यांवर एकेक रबर बँड चढवून खाली सरकवला, शॉकअप किती दबला ते तो वर सरकून सांगतो.

घराबाहेर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून : काही नाही. रिंग रोडला सरळ : शांत. सावनेरच्या रस्त्यावर वेग ८० : थरथर नाही, काकांचा विजय असो. आणि मग एका गावातला स्पीड ब्रेकर. आपल्याकडे स्पीड ब्रेकरचं मानक आहे, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच. हा घरातल्या उंबरठ्यासारखा होता. मागून उजवीकडून खर्रर आवाज आला.

"काहीतरी घासून राहिलं रे," मामी.

"मामीचं वजन," मामा. पुढचे दहा किलोमीटर मामा गप्प होते.

घरी येऊन पाहिलं. पुढचा खडू शाबूत. मागे उजवीकडे, लायनरच्या माथ्यावर, तळहाताएवढा पुसलेला. मडगार्डच्या कडेवर मात्र काहीच नाही. म्हणजे माझं आडवं गणित बरोबर निघालं, चाक प्रमाणाबाहेर वर गेलं. रबर बँड दांड्याच्या पार वरच्या टोकाला. तिथे बंप स्टॉपचं, म्हणजे शॉकअपला शेवटी अडवणारं, रबर हवं. उजवीकडे ते नव्हतंच. डावीकडे त्याचा नखाएवढा तुकडा. खाली बसवताना बंप स्टॉप थोडा कापतात, हे ऐकून होतो. यांनी कापून फेकूनच दिला. मी दोन महिने चाकाला दोष द्यायच्या तयारीत बसलो होतो.

५ मे

मागचे दोन्ही बंप स्टॉप बसवले. पुन्हा त्याच स्पीड ब्रेकरवर मामांना घेऊन गेलो (मामी आल्या नाहीत). खडू शाबूत. लागतो तेव्हा दणका जाणवतो, पण टायर कुठेही टेकत नाही. हा दणका मान्य.

मग अलाइनमेंट. पुढे कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, डावीकडे उणे १ अंश १० मिनिटं, उजवीकडे उणे १ अंश २० मिनिटं. खाली बसवल्याचा हा परिणाम, आणि एवढा चालतो. खरा चोर टो होता, म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत की बाहेर. दोन्ही चाकं मिळून ३ मिमी बाहेर फाकलेली, बदकासारखी. फेब्रुवारीत आतली कड गुळगुळीत दिसली ती मुख्यतः त्यामुळे. सगळे कॅम्बरला शिव्या देतात, टायर खातो तो टो. शून्याच्या किंचित आतल्या बाजूला आणला. मागचा बीम जुळवता येत नाही, फक्त मोजता येतो. ठीक निघाला.

सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासले, जवळपास २०० किलोमीटरनंतर. दोन पावपाव फेरा फिरले. ही तपासणी कुणी सांगत नाही.

१२ मे

समृद्धी महामार्ग. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून चढून वर्ध्याला उतरलो. मोटारींना १२० ची मर्यादा आहे, तिच्या आत. स्टेअरिंग स्थिर. सिमेंटवर टायरचा आवाज पूर्वीपेक्षा मोठा येतो, बाजूची भिंत १११ वरून ९७ मिमीवर आल्याची ती किंमत. सांधे जास्त जाणवतात.

विमा कंपनीला ई-मेल करून चाकांचा बदल कळवला, आणि स्प्रिंगांचाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडी नोंदणीतल्या तपशिलापासून बदलण्यावर बंधन आहे. चाकांबद्दल मी निवांत आहे, आधीच्या मालकाच्या स्प्रिंगांबद्दल तितका नाही. मूळ स्प्रिंगा शोधायला सांगून ठेवल्या आहेत.

१ जून

नवतपा. परवा शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि फोन वाजायचे थांबेनात. हवामान खात्यानं नंतर सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. नागपूरचा विक्रम ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. त्यावरून आठवलं आणि माझा हवेचा गेज भावाच्या गेजशी ताडून पाहिला. माझा २ पीएसआय जास्त दाखवतो. म्हणजे महिनाभर मी हवा कमी भरत होतो.

पहाटे ५ वाजता, गार टायरात ३३ भरली. दुपारी उन्हात उभ्या गाडीत ३६. दर पाच-सहा अंशांना साधारण १ पीएसआय चढतो. ही वाढ पाहून दुपारी हवा सोडायची नाही, नाहीतर पहाटे टायर मऊ पडतो आणि बुटक्या भिंतीच्या टायरात खड्ड्यानं रिम वाकते.

१४ जुलै

वर्धा रोड, बुटीबोरीच्या अलीकडे, भर पावसात मागचा डावा टायर बसला. भाऊ सोबत होता. डिक्कीतलं चाक लोखंडी, १५ इंची, १८५/६० चं. जॅक लावला, चाक काढलं, आणि भावानं काढलेले बोल्टच उचलले.

"ते नको. डिक्कीत मोजा आहे, जुना, काळा. त्यात पाच बोल्ट आहेत."

"दादा, मोज्यात बोल्ट?"

लोखंडी चाकाची टेकणी गोल आहे, शंकूचे बोल्ट तिथे चालत नाहीत. म्हणून एप्रिलपासून पाच मूळ बोल्ट मोज्यात बांधून ठेवलेत. हब रिंग हबवरून ओढताच हातात आली, ग्रीस लावली होती. लोखंडी चाकाच्या भोकात रिंगेची गरज नाही, तीही मोज्यात गेली.

व्यास ६०३ आणि ६०१.४. एका बाजूला जुनं चाक, दुसऱ्या बाजूला नवं, तरी गाडी एकीकडे ओढत नव्हती. पंक्चरवाल्यानं दोन इंची खिळा काढून दाखवला. चाक परत बसवलं, १२० वर टॉर्क केला. १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचं, बहुतेक पुढच्या रविवारी.

टायर ३,१०० किलोमीटर चाललेत. पुढचे, आतली कड ७.३ मिमी, बाहेरची ७.४.